डोळ्याची बाहुली आणि न्यूरो-ऑप्थॅल्मॉलॉजी: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

बाहुल्या असमान दिसल्यामुळे घाबरलेले रुग्ण, त्यांचे नातेवाईक आणि या शाखेकडे वळावं की नाही अशा विचारात असलेले डॉक्टर, या सगळ्यांचे प्रश्न इथे एकत्र घेतले आहेत. उत्तरं माहितीसाठी आहेत. तपासणीची जागा ती घेऊ शकत नाहीत.

न्यूरो-ऑप्थॅल्मॉलॉजिस्ट म्हणजे डोळ्यांचा डॉक्टर की मेंदूचा?

दोन्हींच्या सीमेवरचा. डोळा प्रकाश गोळा करतो, पण पाहण्याचं बरंचसं काम मेंदूत होतं. डोळा हलवणं, पापणी वर धरणं, बाहुली लहान-मोठी करणं हेही मेंदूकडून येणाऱ्या नसाच करतात. मेंदूतून थेट निघणाऱ्या नसांच्या बारा जोड्यांपैकी दुसरी, तिसरी, चौथी आणि सहावी या डोळ्यांसाठीच राबतात, पाचवी आणि सातवी अर्धवेळ. त्यामुळे एकाचे दोन दिसणं, नजरेचा एक तुकडाच गायब होणं, दृष्टीची नस सुजणं, पापणी अचानक खाली येणं, बाहुल्या असमान होणं अशा तक्रारी आमच्याकडे येतात. मोतीबिंदू, काचबिंदू, चष्म्याचा नंबर ही आमची कामं नाहीत. मात्र ‘डोळा तर चांगला आहे, मग दिसत का नाही?’ असा प्रश्न नेत्रतज्ज्ञाला पडला की चिठ्ठी आमच्या नावाने निघते.

इतकी महागडी यंत्रं असताना तुम्ही टॉर्चच का फिरवत बसता?

कारण टॉर्चच्या उजेडात बाहुली जे सांगते ते रुग्णाच्या शब्दांवर अवलंबून नसतं. अक्षरांचा तक्ता वाचायला रुग्णाचं सहकार्य लागतं, लक्ष लागतं, अक्षरओळख लागते. बाहुलीला यातलं काहीच लागत नाही. दोन महिन्यांचं बाळ असो, बेशुद्ध माणूस असो किंवा आपली भाषा न समजणारा रुग्ण असो, तिचं उत्तर तितकंच स्पष्ट असतं.

यामागची जोडणी समजून घेण्यासारखी आहे. प्रकाश दृष्टिपटलावर पडतो, संदेश दृष्टीच्या नसेतून मागे जातो आणि मेंदूच्या मध्यभागी, मध्यमस्तिष्कात पोचतो. तिथून हुकूम सुटतो तो दोन्ही डोळ्यांना, सारखाच. उजव्या डोळ्यावर उजेड टाकला तरी डावी बाहुलीही तितकीच आकसते. म्हणूनच एका डोळ्याची दृष्टी पूर्ण गेली तरी त्या डोळ्याची बाहुली मोठी होत नाही. चांगल्या डोळ्याकडून मिळालेला हुकूम ती पाळत असते. ‘या डोळ्याने दिसत नाही म्हणून बाहुली मोठी झाली’ असं कुणी सांगितलं तर समजावं, दोन वेगळ्या गोष्टींची गल्लत झाली आहे.

याच जोडणीचा फायदा घेऊन टॉर्च एका डोळ्यावरून दुसऱ्यावर, पुन्हा पहिल्यावर अशी फिरवतात. अंधूक खोली, दूरवर लावलेली नजर आणि प्रत्येक डोळ्यावर दोन-तीन सेकंद उजेड, एवढीच सामग्री. चांगल्या डोळ्यावर उजेड असताना दोन्ही बाहुल्या आकसतात. टॉर्च आजारी नसेच्या डोळ्यावर आली की मेंदूला वाटतं उजेड कमी झाला, आणि दोन्ही बाहुल्या सैल होऊन मोठ्या व्हायला लागतात. भर उजेडात बाहुली मोठी होताना बघणं हा विद्यार्थ्याच्या आयुष्यातला मोठा क्षण असतो, निदान माझ्या मते तरी असायला हवा. या दोषाला ‘रिलेटिव्ह अफरंट प्युपिलरी डिफेक्ट’ म्हणतात, रोजच्या बोलण्यात आरएपीडी. स्कॉटिश नेत्रतज्ज्ञ रॉबर्ट मार्कस गन यांनी विसाव्या शतकाच्या सुरुवातीला अशा बाहुलीकडे लक्ष वेधलं. टॉर्च आलटून पालटून फिरवण्याची पद्धत पॉल लेव्हाटिन यांनी १९५९ साली मांडली.

आरएपीडी आहे म्हणजे नक्की काय बिघडलंय?

बहुतेक वेळा दृष्टीच्या नसेत बिघाड असतो, किंवा दृष्टिपटलाचं मोठं नुकसान झालेलं असतं. मोतीबिंदू कितीही पिकला तरी आरएपीडी होत नाही, कारण धूसर भिंगातूनही उजेड आत पोचतोच. चष्म्याच्या नंबरानेही होत नाही. आळशी डोळ्यात झाला तर फार थोडा. म्हणजे मोतीबिंदूच्या रुग्णात आरएपीडी सापडला तर शस्त्रक्रियेपूर्वीच दुसरं कारण शोधायला हवं. नाहीतर शस्त्रक्रिया उत्तम होते आणि रुग्णाला दिसत मात्र नाही.

एक मर्यादा ध्यानात ठेवा: ही तुलना आहे. दोन्ही नसा सारख्याच बिघडल्या असतील तर फरक दिसणार नाही.

हा दोष मोजता येतो का, की नुसता ‘आहे’ किंवा ‘नाही’?

मोजता येतो, आणि तो मोजायची सवय लावण्याचं बरंचसं श्रेय आयोवा विद्यापीठाच्या एच. स्टॅन्ली थॉम्पसन यांना जातं. चांगल्या डोळ्यासमोर राखाडी फिल्टर धरायचे आणि दोन्ही बाजूंचा प्रतिसाद सारखा होईपर्यंत फिल्टर वाढवत न्यायचे. ०.३ लॉग युनिटचा फिल्टर उजेड निम्मा करतो, ०.६ चा पाव, ०.९ चा एक अष्टमांश. थॉम्पसन आणि सहकाऱ्यांनी १९८१ साली ही पद्धत पायरी-पायरीने लिहून काढली. टॉर्च एका डोळ्यावर जास्त वेळ रेंगाळली तर त्या डोळ्याचं दृष्टिपटल थकतं आणि नसलेला दोष दिसू लागतो, अशा बारीक सूचनाही त्यांनी दिल्या. आज फिल्टरची पट्टी पुष्कळ ठिकाणी कपाटातच पडून असते. ‘आरएपीडी प्लस’, ‘प्लस प्लस’ असं लिहून काम भागवलं जातं. महिन्याभराने नस सुधारली की बिघडली हे त्या ‘प्लस’वरून कळत नाही.

आरशात बघताना एक बाहुली मोठी दिसली. घाबरायचं का?

बहुधा नाही. एरवी ठणठणीत असलेल्या साधारण पाचांतल्या एका माणसाच्या बाहुल्यांत, कोणत्याही क्षणी पाहिलं तर, डोळ्याला जाणवेल इतका, म्हणजे ०.४ मिलिमीटर किंवा जास्त फरक सापडतो. हा फरक आज असतो, उद्या नसतो, कधी बाजूही बदलतो. सहसा तो एक मिलिमीटरच्या आतच राहतो, उजेडात आणि अंधारात जवळजवळ सारखाच राहतो आणि दोन्ही बाहुल्या टॉर्चला चटकन प्रतिसाद देतात.

पुष्कळदा फरक जुनाच असतो, लक्ष आज गेलेलं असतं. म्हणून तुमचे जुने फोटो मागतो. ओळखपत्रावरचा फोटो, लग्नातला जवळून काढलेला फोटो, काहीही चालतं. वीस वर्षांपूर्वीच्या फोटोत तोच फरक दिसला की अर्धी काळजी मिटते आणि कधी कधी एक स्कॅनही वाचतो.

फरक खरा असेल तर दोनांपैकी बिघडलेली बाहुली कोणती, हे आधी ठरवावं लागतं. उजेडात फरक वाढत असेल तर मोठी बाहुली दोषी, तिला आकसता येत नाही. अंधारात फरक वाढत असेल तर लहान बाहुली दोषी, तिला फाकता येत नाही. पुढची सगळी तपासणी या एका निरीक्षणावर ठरते आणि त्यासाठी खोलीतला दिवा लावणं-मालवणं एवढंच करावं लागतं.

कोणत्या वेळी अजिबात थांबू नये?

तीन प्रसंगी थेट तातडीच्या विभागात जा, भेटीची वेळ घेत बसू नका.

बाहुली मोठी, त्याच बाजूची पापणी खाली आलेली, एकाचे दोन दिसताहेत, सोबत डोकेदुखी: तिसऱ्या नसेवर मेंदूच्या धमनीचा फुगा दाबत असण्याची शक्यता असते. बाहुली आकसवणारे तंतू या नसेच्या पृष्ठभागाजवळून जातात, त्यामुळे बाहेरून दाब आला की ते लवकर सापडतात. फुगा फुटला तर जीवावर बेततं. इथे त्याच दिवशी रक्तवाहिन्यांचा स्कॅन लागतो.

बाहुली लहान, पापणी किंचित ओघळलेली आणि त्याच बाजूची मान, जबडा किंवा कपाळ दुखतंय, विशेषतः मानेला हिसका बसल्यानंतर: मानेतल्या कॅरोटिड धमनीचं आतलं अस्तर फाटलेलं असू शकतं. तिथे जमणाऱ्या गुठळीमुळे पक्षाघाताचा धोका असतो.

वय पन्नाशीच्या पुढे, एका डोळ्याने अचानक दिसेनासं झालं किंवा काही मिनिटं अंधारी येऊन गेली, सोबत कानशिलाजवळ दुखणं, चावताना जबडा भरून येणं, केस विंचरताना टाळू दुखणं: हा जायंट सेल आर्टेरायटिस, म्हणजे डोक्याच्या धमन्यांचा दाह, असू शकतो. यात दुसरा डोळाही काही दिवसांत जाऊ शकतो. संशय पक्का असेल तर डॉक्टर बायॉप्सीच्या निकालाची वाट न बघता स्टेरॉइड सुरू करतात आणि ते योग्यच आहे.

बाकी असमान बाहुल्यांसाठी दोन-चार दिवस थांबायला बहुधा हरकत नसते.

हॉर्नर सिंड्रोम म्हणजे काय? इंटरनेटवर वाचून झोप उडाली आहे.

बाहुली फाकवणाऱ्या नसांचा रस्ता फार लांबचा आहे. मेंदूच्या तळातून निघून त्या पाठीच्या कण्यात उतरतात, छातीच्या वरच्या टोकाशी फुप्फुसाच्या शेंड्यावरून वळसा घालतात, मग कॅरोटिड धमनीला बिलगून पुन्हा वर चढतात आणि डोळ्यात येतात. या वाटेवर कुठेही अडथळा आला तर बाहुली लहान राहते, पापणी एक-दोन मिलिमीटर ओघळते आणि कधी चेहऱ्याच्या त्या बाजूला घाम येत नाही. म्हणून कारणांची यादी लांबलचक, फुप्फुसाच्या शेंड्याच्या गाठीपासून मानेच्या शस्त्रक्रियेपर्यंत. यादी वाचली की प्रत्येकाला त्यातलं सगळ्यात वाईट कारण आपलंच वाटतं. प्रत्यक्षात कित्येक रुग्णांत गंभीर असं काही निघत नाही. पण ते तपासूनच म्हणायचं असतं. लहान मुलांत तर न्यूरोब्लास्टोमा नावाची गाठ नाही ना, हे पाहावंच लागतं.

खात्रीसाठी थेंबांची चाचणी आहे. पूर्वी कोकेनचे थेंब वापरत: निरोगी बाहुली त्याने फाकते, हॉर्नरची फाकत नाही. आता बहुतेक ठिकाणी ०.५ टक्के ॲप्राक्लोनिडिन वापरतात. नसेचे संदेश तुटल्याने उपाशी राहिलेला स्नायू या औषधाला वाजवीपेक्षा जास्त प्रतिसाद देतो, त्यामुळे लहान बाहुली मोठी होते आणि ओघळलेली पापणीही वर येते. अगदी लहान बाळांत मात्र हे औषध गुंगी आणू शकतं, तिथे ते टाळतात. नस नुकतीच दुखावली असेल तर ही अतिसंवेदनशीलता तयार व्हायला थोडा अवधी लागतो, तेव्हा चाचणी नकारार्थी आली म्हणून निर्धास्त होऊ नये.

स्विस नेत्रतज्ज्ञ योहान फ्रीडरिश हॉर्नर यांनी ४० वर्षांच्या एका स्त्रीत हे चित्र १८६९ साली नोंदवलं. त्याच वर्षी एडिंबरामध्ये डग्लस आर्गाइल रॉबर्टसन दुसऱ्याच एका बाहुलीचं वर्णन छापत होते. तिच्याविषयी खाली आहे.

माझी एक बाहुली मोठी आहे, वाचताना त्रास होतो आणि डॉक्टर म्हणाले ‘एडी’. हे किती गंभीर?

डोळ्यासाठी गैरसोयीचं, जीवासाठी निरुपद्रवी. डोळ्याच्या मागे असलेल्या एका छोट्या नसगाठीला इजा होते आणि बाहुली उजेडाला जवळजवळ प्रतिसाद देईनाशी होते. जवळचं काही बघितलं तर ती हळूहळू आकसते आणि पुन्हा मोठी व्हायलाही बराच वेळ घेते. कारण असं की त्या गाठीतले बहुसंख्य तंतू जवळचं बघण्याच्या स्नायूसाठी असतात, बाहुलीसाठी अगदी थोडे. इजेनंतर नवे तंतू फुटतात तेव्हा बहुसंख्यांतलेच काही वाट चुकून बाहुलीकडे जातात. पुष्कळदा ढोपरावर हातोडी मारल्यावर पाय उडत नाही, हेही सोबत आढळतं. तरुण स्त्रियांत हे जास्त दिसतं. ०.१ टक्क्याच्या आसपास पातळ केलेला पायलोकार्पिनचा (बाहुली आकसवणाऱ्या औषधाचा) थेंब घातला तर ही बाहुली आकसते, निरोगी बाहुली फारशी हलत नाही. काही वर्षांनी तीच बाहुली लहान होऊन बसते, आणि मग नव्या डॉक्टरला जुनी हकीगत सांगितली नाही तर तो बुचकळ्यात पडतो.

काहीही दुखत नाही, फक्त बाहुली अचानक खूप मोठी झाली आणि उजेडाला हलतच नाही. पापणी, नजर सगळं ठीक आहे.

आधी हात आठवा. धोतऱ्याचं झाड उपटलं, फुलं तोडली आणि डोळा चोळला? प्रवासात उलटी होऊ नये म्हणून कानामागे स्कोपोलामिनची पट्टी लावली होती? घरात कुणाला नेब्युलायझरने इप्राट्रोपियम हे श्वासनलिका मोकळ्या करणारं औषध देताना मास्कमधून वाफ डोळ्यावर आली? यातलं काही असेल तर एक टक्का पायलोकार्पिननेही बाहुली आकसत नाही, आणि हीच खूण. असर उतरला की बाहुली आपोआप पूर्ववत होते. हे विचारायचं राहून गेलं तर रुग्ण मात्र एमआरआयच्या रांगेत जाऊन बसतो.

आर्गाइल रॉबर्टसन बाहुली अजून दिसते का?

क्वचित. दोन्ही बाहुल्या लहान, वेड्यावाकड्या, उजेडाला न हलणाऱ्या पण जवळ बघताना आकसणाऱ्या, असं ते चित्र. एके काळी ते सिफिलिस मेंदूपर्यंत पोचल्याची खूण मानलं जाई. पेनिसिलिन आल्यावर ते दुर्मीळ झालं. तरी अशी बाहुली दिसली की सिफिलिसची रक्ततपासणी आजही करतात. साधी तपासणी आहे, संकोच करण्याचं कारण नाही. उजेडाला प्रतिसाद नाही पण जवळ बघताना आहे, ही फारकत मध्यमस्तिष्काच्या मागच्या भागावर दाब आल्यावरही दिसते.

दिसत नाही म्हणणारा रुग्ण खोटं बोलतोय का, हे बाहुलीवरून कळतं का?

काही अंशी. एकाच डोळ्याने काहीच दिसत नाही अशी तक्रार असेल आणि आरएपीडी नसेल, तर त्या नसेला मोठी इजा झालेली नाही इतकं म्हणता येतं. पण त्यापुढे ‘म्हणून नाटक आहे’ अशी उडी मारू नये. दृष्टीचं केंद्र मेंदूच्या अगदी मागच्या भागात असतं, बाहुलीचा फाटा त्याच्या आधीच वेगळा होतो. पक्षाघाताने ते केंद्र दोन्ही बाजूंना गेलं तर माणूस पूर्ण आंधळा असतो आणि बाहुल्या मात्र टवटवीत. शिवाय मनावरच्या ताणातून दिसेनासं होणं हा खरा त्रास आहे, ते सोंग नव्हे. या रुग्णांशी कोर्टातल्यासारखी उलटतपासणी केलेली मला पटत नाही. ‘डोळा आणि नस शाबूत आहेत, दृष्टी परत येऊ शकते’ हे शांतपणे सांगितलं तर पुष्कळांची येते.

बाहुलीसारख्या एवढ्याशा गोष्टीवर कुणी आयुष्यभर संशोधन करतं का?

आयरीन लोवेनफेल्ड यांनी केलं. १९२१ साली म्युनिकमध्ये जन्म, नाझी राजवटीमुळे देश सुटला, अमेरिकेत ओटो लोवेनस्टाइन यांच्यासोबत न्यूयॉर्कमध्ये काम. त्या डॉक्टर नव्हत्या, शरीरक्रियाशास्त्राच्या अभ्यासक होत्या. या दोघांनी अवरक्त किरणांनी अंधारातही बाहुलीची हालचाल कागदावर उमटवणारं यंत्र बनवलं आणि १९५८ साली त्याचं वर्णन छापलं. त्याआधी बाहुली किती वेगाने आकसते, किती वेळाने सैल होते हे बघणाऱ्याच्या नजरेवर आणि स्मरणावर सोडलेलं असे. लोवेनफेल्ड यांचा बाहुलीवरचा ग्रंथ १९९३ मध्ये दोन खंडांत आला, दोन हजारांहून अधिक पानांचा. नवं काही सापडलं असं वाटलं की आधी त्यात बघावं, पुष्कळदा ते तिथे असतंच.

शाखा म्हणून न्यूरो-ऑप्थॅल्मॉलॉजी उभी राहिली ती बरीचशी जॉन्स हॉपकिन्सच्या फ्रँक वॉल्श यांच्यामुळे. त्यांचं मोठं पाठ्यपुस्तक १९४७ साली निघालं आणि त्यांच्या हाताखाली शिकलेल्यांनी पुढे ठिकठिकाणी विभाग काढले.

अलीकडचा सगळ्यात मोठा शोध कोणता?

माझं मत विचाराल तर मेलानोप्सिन. दृष्टिपटलात प्रकाश टिपणाऱ्या पेशी दोनच प्रकारच्या, रॉड आणि कोन, असं शंभरेक वर्षं शिकवलं जात होतं. पण १९२० च्या दशकात क्लाइड कीलर या तरुण संशोधकाला रॉड नसलेले आंधळे उंदीर सापडले होते आणि त्यांच्या बाहुल्या उजेडाला आकसत होत्या. ही नोंद कित्येक दशकं तशीच पडून राहिली. १९९८ मध्ये इग्नासिओ प्रोव्हेन्सिओ आणि सहकाऱ्यांना बेडकाच्या त्वचेतल्या रंगपेशींत एक प्रकाशसंवेदी प्रथिन सापडलं, तेच मेलानोप्सिन. लवकरच ते माणसाच्या दृष्टिपटलातही मिळालं, आणि तेही आतल्या थरातल्या मोजक्या गँग्लियन पेशींत. या पेशी रॉड-कोनच्या मदतीशिवाय स्वतःच प्रकाश ओळखतात, हे २००२ मध्ये दाखवलं गेलं. बाहुलीचा आकार आणि शरीराचं दिवस-रात्रीचं घड्याळ दोन्ही त्यांच्यावर चालतं.

रुग्णासाठी याचा उपयोग असा: या पेशी ४८० नॅनोमीटरच्या आसपासच्या निळ्या प्रकाशाला सर्वाधिक प्रतिसाद देतात आणि प्रकाश बंद झाल्यावरही बराच वेळ चालू राहतात. निळा दिवा विझवला तरी बाहुली काही सेकंद लहानच राहते, लाल विझवला की लगेच फाकते. मग लाल आणि निळ्या झोतांना मिळणारे प्रतिसाद वेगवेगळे मोजले तर बिघाड दृष्टिपटलाच्या बाहेरच्या, रॉड-कोनच्या थरात आहे की आतल्या, याचा अंदाज येतो. आयोवाच्याच रँडी कार्डन यांच्या गटाने या रंगीत प्युपिलोमेट्रीवर, म्हणजे बाहुलीच्या मोजमापावर, बरंच काम केलं आहे. लेबर्स हेरेडिटरी ऑप्टिक न्यूरोपॅथी या आनुवंशिक आजारात दृष्टी फार खालावूनही बाहुल्या बऱ्यापैकी काम करतात हे डॉक्टरांना जुनंच कोडं होतं. मेलानोप्सिनच्या पेशी या आजारात तुलनेने वाचतात, हे कळल्यावर ते सुटलं.

संशोधनाने उपचार बदलले, असं एखादं उदाहरण?

ऑप्टिक न्युरायटिस, म्हणजे दृष्टीच्या नसेचा दाह. यावर स्टेरॉइडच्या गोळ्या देण्याचा प्रघात होता आणि तो सगळ्यांना शहाणपणाचा वाटे. अमेरिकेतल्या १५ केंद्रांनी १९८८ पासून रुग्ण घेऊन चाचणी केली, १९९२ मध्ये निकाल आला. शिरेतून दिलेल्या स्टेरॉइडने दृष्टी लवकर परतली, पण सहा महिन्यांनी काहीच न दिलेल्यांपेक्षा फारसा फरक उरला नाही. आणि नेहमीच्या मात्रेतल्या नुसत्या गोळ्या घेणाऱ्यांत दाह पुन्हा उद्भवण्याचं प्रमाण वाढलं! रुग्णाला ‘उपचार नको, वाट बघू’ हा पर्याय प्रामाणिकपणे देता यायला लागला तो तेव्हापासून. त्याच रुग्णांचा १५ वर्षं पाठपुरावा झाला: सुरुवातीचा एमआरआय स्वच्छ असलेल्यांपैकी २५ टक्क्यांना पुढे मल्टिपल स्क्लेरॉसिस (मेंदू आणि मज्जारज्जूतल्या तंतूंच्या आवरणाचा आजार) झाला, एक तरी डाग असलेल्यांपैकी ७२ टक्क्यांना. दाह झाला की आजही एमआरआय सांगतात तो या आकड्यांमुळे.

एक शेपूट जोडतो. हा निकाल नेहमीच्या ऑप्टिक न्युरायटिसला लागू पडतो. ॲक्वापोरिन-४ किंवा मॉग नावाच्या, आपल्याच शरीरावर हल्ला करणाऱ्या प्रतिपिंडांमुळे होणारा दाह वेगळा, तिथे वाट बघणं महागात पडतं. शिवाय २०१८ साली छापलेल्या एका अमेरिकी अभ्यासात, ‘ऑप्टिक न्युरायटिस’ अशी चिठ्ठी घेऊन न्यूरो-ऑप्थॅल्मॉलॉजीकडे आलेल्या १२२ रुग्णांपैकी सुमारे ६० टक्क्यांना प्रत्यक्षात दुसराच आजार निघाला. म्हणजे औषधाच्या वादाआधी निदानाचा प्रश्न आहे.

बाहुलीवरून मनातलं कळतं का?

भावना, मेहनत, लक्ष यांचा बाहुलीवर परिणाम होतो हे खरं. डॅनियल कानेमन आणि जॅक्सन बीटी यांनी १९६६ मध्ये दाखवलं की लक्षात ठेवायचे आकडे वाढत गेले तशी बाहुली मोठी होत जाते. पण ती का फाकली, हे नुसतं बघून सांगता येत नाही. प्रेमामुळे, भीतीने, गणितामुळे की खोलीतला दिवा मंद झाल्याने, चारही वेळा ती सारखीच दिसते. बाहुलीवरून खोटं पकडण्याचे दावे करणाऱ्यांपासून चार हात लांब राहा.

यंत्रं आणि कृत्रिम बुद्धिमत्ता आल्यावर तुमची गरज उरेल का?

अतिदक्षता विभागात हातात धरायचं प्युपिलोमीटर आता चांगलं रुळलं आहे. नर्स बदलली तरी मोजमाप बदलत नाही, हा त्याचा मोठा गुण. ते बाहुलीच्या प्रतिसादाला ० ते ५ असा निर्देशांक देतं, ३ च्या खाली गेला की सावध व्हायचं. डोळ्याच्या पडद्याच्या फोटोवरून दृष्टीच्या नसेची सूज ओळखणारी संगणक-प्रणालीही २०२० मध्ये तयार झाली. ११ देशांतल्या १४ हजारांवर फोटोंवर तिला शिकवलं होतं आणि तिची अचूकता तज्ज्ञांच्या जवळ जाणारी होती. मला याचा आनंदच आहे, कारण डोकेदुखी घेऊन आलेल्या रुग्णाचा पडदा तातडीच्या विभागात बहुधा कुणी बघतच नाही. पण सूज आहे हे कळल्यावर ती का आहे हे शोधायला हकीगत ऐकावी लागते, आणि त्या कामासाठी रांग अजून कमी झालेली नाही.

या शाखेत यायला किती वर्षं लागतात? दिवस कसा असतो?

वैद्यकीय पदवी, नंतर नेत्रविज्ञान किंवा न्यूरॉलॉजी यात पदव्युत्तर शिक्षण, त्यानंतर साधारण वर्षभराची फेलोशिप, काही जण दोन वर्षं करतात. नेत्रविज्ञानाकडून आलेल्यांना एमआरआय वाचायला नव्याने शिकावं लागतं, न्यूरॉलॉजीकडून आलेल्यांना स्लिट लॅम्प, म्हणजे डोळा तपासायचा सूक्ष्मदर्शक.

दिवस हळू चालतो. एका नव्या रुग्णाला पाऊण तास ते तासभर सहज जातो, त्यातला निम्मा हकीगतीला आणि जुने कागद चाळायला. शस्त्रक्रिया थोड्या, काही जण तिरळेपणाच्या किंवा नसेचं आवरण उघडण्याच्या करतात, पुष्कळ जण काहीच करत नाहीत. त्यामुळे मोतीबिंदूच्या सर्जनच्या मानाने कमाई कमी, हे आधीच स्वीकारून या. हातांची चपळाई आवडणाऱ्याने येऊ नये. कोडं सुटेपर्यंत चैन न पडणाऱ्याने जरूर यावं.

संशोधन करायचं असेल तर प्रयोगशाळा लागतेच का?

नाही. बाहुलीच्या बाबतीत बरंचसं मोलाचं काम नीट ठेवलेल्या नोंदींतून झालं आहे. पहिल्या दिवसापासून प्रत्येक रुग्णाच्या बाहुल्या उजेडात आणि अंधारात मिलिमीटरमध्ये लिहा, ‘नॉर्मल’ हा शब्द टाळा. शक्य तिथे व्हिडिओ काढा, अर्थात रुग्णाची लेखी परवानगी घेऊन. काही वर्षांनी प्रश्न सुचेल तेव्हा उत्तर त्या नोंदींत असेल. आणि नकारात्मक निकालांना कमी लेखू नका. रक्तपुरवठा थांबून निकामी होणाऱ्या दृष्टीच्या नसेचं आवरण उघडण्याची शस्त्रक्रिया एके काळी झपाट्याने पसरत होती. तिचा उपयोग नाही, उलट नुकसान होऊ शकतं, हे १९९५ मध्ये जाहीर झालेल्या चाचणीने दाखवलं आणि त्या आजारासाठी ती बंद पडली.

तपासणीला येताना काय आणावं?

आधीचे एमआरआय आणि सीटी स्कॅन, नुसता अहवाल नव्हे, मूळ चित्रांसह. चालू असलेल्या सगळ्या औषधांची यादी, डोळ्यात घालायच्या थेंबांसकट. प्रोस्टेटसाठीची टॅम्सुलोसिनसारखी गोळी आणि अफूवर्गातली वेदनाशामकंही त्यात लिहा, दोन्हींचा बाहुलीवर परिणाम होतो. चेहरा जवळून दिसेल असे जुने फोटो. पापणी किंवा बाहुली मधूनमधूनच बदलत असेल तर त्या वेळी काढलेला मोबाईलचा व्हिडिओ.

आमच्या आधी कुणी बाहुली मोठी करणारे थेंब घालायला लागलं तर थांबवा आणि ‘बाहुल्यांची तपासणी व्हायची आहे’ असं सांगा, एकदा थेंब पडले की त्या दिवशी बाहुल्यांबद्दल काहीच सांगता येत नाही. तपासणीच्या शेवटी मात्र आम्हीच ते घालतो. त्यानंतर काही तास जवळचं धूसर दिसतं आणि उन्हात डोळे दिपतात, तेव्हा गाडी चालवायला कुणाला तरी सोबत आणा.